बाई असल्याचा दाखला: द्युती चंदच्या निमित्ताने टेस्टोस्टेरॉनचं कोडं

सप्टेंबर २०२५ मध्ये टोकियोला जागतिक अ‍ॅथलेटिक्स स्पर्धा झाली. त्याआधी, १ सप्टेंबरपासून, एक नवा नियम लागू झाला: महिला गटात उतरायचं तर आधी एक चाचणी द्यायची. गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवायचा किंवा थोडं रक्त द्यायचं आणि त्यात एक ठरावीक जनुक आहे का ते बघायचं. आयुष्यात एकदाच.

बातमी वाचून आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर लगेच दोन तट पडले. एक काका म्हणाले, "त्यात चाचणी कसली? बघितल्यावर कळत नाही का?" भाचीने तितक्याच तडकाफडकी लिहिलं, "हा सरळ सरळ अपमान आहे." मला दोघांचंही अर्धंच पटलं. प्रश्न बघून कळण्यासारखा सोपा नाही, आणि अपमान म्हणून बाजूला सारता येईल इतका पोकळही नाही. तो समजून घ्यायचा तर ओडिशाच्या द्युती चंदची कारकीर्द हाताशी घ्यावी. या नियमाच्या इतिहासातलं सगळ्यात मोठं वळण तिच्या नावावर आहे.

मुळात वेगळा गट हवाच कशाला?

१०० मीटरमध्ये महिलांचा जागतिक विक्रम आहे १०.४९ सेकंदांचा. फ्लॉरेन्स ग्रिफिथ-जॉयनरने तो १९८८ मध्ये केला. २०२५ मध्ये आपल्या अनिमेष कुजूरने १०.१८ सेकंदांत हेच अंतर कापलं. पुरुषांच्या जागतिक अंतिम फेरीत तेवढ्यावर कुणी विचारत नाही. म्हणजे जगातली आजवरची सर्वांत वेगवान बाई जागतिक पातळीवर फारशी ओळख नसलेल्या पुरुष धावपटूच्याही मागे राहील. अव्वल पुरुष आणि अव्वल महिला यांच्या कामगिरीत साधारण १० ते १२ टक्क्यांचं अंतर असतं. गट एकच ठेवला तर अंतिम फेरीत एकही बाई दिसणार नाही. तेव्हा वेगळा गट ही मेहरबानी नव्हे, खेळात बायका दिसायच्या असतील तर ती गरज आहे.

तालमीतही गट असतात. ५७ किलोचा पैलवान ९७ किलोच्या पैलवानाशी लढत नाही. पण तिथे सोय अशी की वजनकाटा असतो. पठ्ठ्या काट्यावर उभा राहिला की वाद संपला. बाई आणि पुरुष हे गट पाडताना असा काटा कुठून आणायचा? गेली साठ वर्षं हाच शोध चालला आहे आणि दर काही वर्षांनी काटा बदलतो आहे.

टेस्टोस्टेरॉन: पाऊस किती पडला आणि किती मुरला

सध्याच्या वादात सगळ्यात जास्त ऐकू येणारा शब्द म्हणजे टेस्टोस्टेरॉन. हे एक संप्रेरक आहे, म्हणजे शरीरातल्या ग्रंथींनी रक्तात सोडलेला रासायनिक निरोप. स्नायू वाढव, हाडं जाड कर, रक्तातलं हिमोग्लोबिन वाढव, अशा सूचना ते देतं. बायकांच्या शरीरातही ते असतंच, फक्त कमी असतं. ते मोजायचं एकक आहे नॅनोमोल प्रति लिटर. पुढे मी नुसते आकडे देईन. बहुतेक बायकांमध्ये ते २ च्या आत असतं, पुरुषांमध्ये साधारण ८ ते ३० च्या दरम्यान. मधली जागा बरीचशी मोकळी आहे.

बरीचशी, पण पूर्ण नाही. काही मुली जन्मतःच अशा जडणघडणीच्या असतात की गुणसूत्रं, ग्रंथी आणि बाह्य शरीर यांचा नेहमीचा मेळ बसत नाही. वैद्यकशास्त्रात याला लैंगिक विकासातलं वेगळेपण म्हणतात. ही मुलगी मुलगी म्हणून जन्मते, मुलगी म्हणून वाढते आणि तिला स्वतःलाही कित्येकदा काही कल्पना नसते. तिच्या रक्तातलं टेस्टोस्टेरॉन बाकीच्या बायकांपेक्षा पुष्कळ जास्त असू शकतं.

इथेच गोम आहे. रक्तातलं प्रमाण म्हणजे पडलेला पाऊस. कोकणातल्या सड्यावर काय कमी पाऊस पडतो? पण खाली जांभा, पाणी वाहून जातं आणि मार्चमध्ये विहिरी तळ गाठतात. उलट काळ्या रानात चार सरी पडल्या तरी ओल धरून राहते. काहींच्या पेशींना टेस्टोस्टेरॉनचा निरोप अर्धवट ऐकू येतो, काहींना मुळीच येत नाही. अशा शरीरात रक्तातला आकडा पुरुषांइतका असूनही स्नायूंना त्याचा काडीचा उपयोग होत नाही. आकडा खोटा नसतो, पण नुसत्या आकड्यावरून पीक किती आलं हे सांगता येत नाही.

चाका गोपालपूरची मुलगी

द्युतीचा जन्म ३ फेब्रुवारी १९९६ चा, ओडिशाच्या जाजपूर जिल्ह्यातल्या चाका गोपालपूर गावचा. आई-वडील विणकर, खाणारी तोंडं बरीच. थोरली बहीण सरस्वती धावायची, तिच्या मागे हीही धावायला लागली. नदीकाठच्या वाळूत, अनवाणी. पुढे भुवनेश्वरच्या क्रीडा वसतिगृहात जागा मिळाली आणि जेवणाचा प्रश्नही त्याच्याबरोबर सुटला. आपल्याकडच्या अनेक धावपटूंच्या गोष्टी इथूनच सुरू होतात. खेळ हा शौक नसतो, घराबाहेर पडायची वाट असते.

२०१३ च्या जुलैत पुण्यात, बालेवाडीला, आशियाई अजिंक्यपद स्पर्धा झाली. तिथे सतरा वर्षांच्या या मुलीने २०० मीटरमध्ये कांस्यपदक घेतलं. त्याच वर्षी जागतिक युवा स्पर्धेत १०० मीटरची अंतिम फेरी गाठली. जागतिक पातळीवर या अंतराच्या अंतिम फेरीत पोहोचणारी ती पहिली भारतीय. २०१४ च्या जूनमध्ये तैपेईला आशियाई कनिष्ठ स्पर्धेत दोन सुवर्णपदकं. पुढच्याच महिन्यात ग्लासगोला राष्ट्रकुल स्पर्धा होत्या.

ग्लासगोचं विमान तिला मिळालंच नाही. तिच्या काही वैद्यकीय चाचण्या झाल्या आणि टेस्टोस्टेरॉन मर्यादेपेक्षा जास्त आहे म्हणून ऐन वेळी तिला संघातून वगळण्यात आलं. त्या चाचण्या कशासाठी आहेत हे आपल्याला नीट सांगितलं नव्हतं, असं तिने पुढे क्रीडा लवादासमोर सांगितलं; भारतीय अ‍ॅथलेटिक्स संघटनेची बाजू वेगळी होती. पण काही दिवसांत अठरा वर्षांच्या मुलीच्या शरीराची चर्चा देशभरच्या वाहिन्यांवर सुरू झाली, याबद्दल वाद असायचं कारण नाही.

तेव्हाचा नियम जागतिक अ‍ॅथलेटिक्स महासंघाचा, २०११ चा. दक्षिण आफ्रिकेच्या कॅस्टर सेमेन्याने २००९ मध्ये बर्लिनला ८०० मीटरचं जागतिक विजेतेपद मिळवलं, तिच्याबद्दल जगभर कुजबुज झाली आणि त्यातून तो आला. मर्यादा होती १०. त्यापेक्षा जास्त असेल तर औषधांनी किंवा शस्त्रक्रियेने ते खाली आणा, नाहीतर महिला गटातून धावू नका. हे कागदापुरतं नव्हतं. २०१३ मध्ये फ्रान्समधल्या डॉक्टरांनी एका वैद्यकीय नियतकालिकात चार खेळाडूंची हकीकत मांडली. सगळ्या विकसनशील देशांतल्या, १८ ते २१ वयाच्या. चौघींवरही शस्त्रक्रिया झाल्या होत्या, आणि त्यातला काही भाग असा होता की त्याचा धावण्याशी दूरान्वयानेही संबंध नव्हता.

द्युतीने उपचार नाकारले. निरोगी शरीराला औषध कशासाठी, एवढाच तिचा प्रश्न होता.

लोझानमध्ये काय ठरलं आणि काय ठरलं नाही

स्वित्झर्लंडमधल्या लोझानला आंतरराष्ट्रीय क्रीडा लवाद आहे. खेळातल्या भांडणांचं वरचं न्यायालय म्हणा. द्युती तिथे गेली. एकटी नव्हती: पयोष्णी मित्रा या संशोधक-कार्यकर्त्या तिच्या पाठीशी होत्या, कॅनडातल्या वकिलांनी फी न घेता बाजू मांडली, आणि भारताच्या क्रीडा प्राधिकरणानेही तिला साथ दिली. हे मुद्दाम सांगतो, कारण आठ वर्षांपूर्वी अशाच प्रसंगात तमिळनाडूच्या शांती सौंदरराजनमागे कुणी उभं नव्हतं. २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत तिने ८०० मीटरमध्ये रौप्यपदक जिंकलं, चाचणीनंतर ते काढून घेतलं गेलं आणि पुढे तिच्यावर वीटभट्टीवर मजुरी करायची वेळ आली. दाद मागायची असते आणि ती कुठे मागायची असते, हे माहीत असणं हीसुद्धा एक प्रकारची श्रीमंतीच.

जुलै २०१५ मध्ये निकाल आला. तो अनेकदा चुकीचा सांगितला जातो. टेस्टोस्टेरॉनने काही फरक पडत नाही, असं लवादाने म्हटलं नाही. उलट पुरुष आणि महिलांच्या कामगिरीतल्या अंतराशी त्याचा संबंध आहे, हे मान्य केलं. लवादाचा सवाल वेगळा होता: किती फरक पडतो? हा नियम फक्त बायकांना लागतो, म्हणजे तो भेदभाव करणारा आहे. मग तो गरजेचा आहे हे सिद्ध करायची जबाबदारी नियम करणाऱ्यावर, तो पाळणारीवर नाही. पुरुषांचा फायदा १० ते १२ टक्क्यांचा. या मुलींचा त्याच्या जवळपास जात असेल तर वगळणं समजू शकतं. पण तो एक-तीन टक्केच असेल तर? तेवढा फरक तर चांगला प्रशिक्षक, चांगला आहार, उंचावरचं गाव यांनीही पडतो. आणि आकडा नक्की कोणता, याचा पुरेसा पुरावा महासंघापाशी नव्हता.

आपल्याकडे नॉन-क्रिमी लेयरचा दाखला काढताना ८ लाखांची मर्यादा असते. ८ लाखांच्या दहा रुपये वर गेलेला माणूस रातोरात श्रीमंत होत नाही. तरी कुठेतरी रेघ ओढावी लागते, हे आपण मान्य करतो. मात्र ती ८ वरच का, ५ वर का नाही, असं कुणी विचारलं तर सरकारला उत्तर द्यावं लागतं. लवादाने महासंघाला नेमकं तेवढंच विचारलं. नियम दोन वर्षं स्थगित केला आणि सांगितलं, पुरावा घेऊन या.

त्या मोकळिकीत द्युती पुन्हा धावू लागली. एप्रिल २०१६ मध्ये दिल्लीत ११.३३ सेकंद: रचिता मिस्त्रीचा सोळा वर्षांचा ११.३८ चा राष्ट्रीय विक्रम मोडला, आणि रिओ ऑलिम्पिकची ११.३२ ची पात्रता शतांश सेकंदाने हुकली. (शतांश सेकंदाचं आणि आपल्या पोरींचं काय वैर आहे कोण जाणे. १९८४ मध्ये पी. टी. उषाचं पदकही तेवढ्यानेच गेलं होतं.) जूनमध्ये अल्माटीला तिने एकाच दिवशी आधी ११.३० आणि मग ११.२४ नोंदवून तिकीट पक्कं केलं. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत १०० आणि २०० मीटर, दोन्हींत रौप्य. १०० मीटरमध्ये ती ११.३२, पहिली आलेली बहारीनची धावपटू ११.३०. २०१९ मध्ये नेपल्सच्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत सुवर्ण. २०२१ मध्ये पतियाळाला ११.१७ चा राष्ट्रीय विक्रम.

अजिंक्य वगैरे ती कधीच नव्हती. रिओत पहिल्याच फेरीत ११.६९ वर थांबली, टोकियो ऑलिम्पिकमध्ये ११.५४ वर. जिच्या अन्यायी फायद्यावर एवढा गहजब झाला ती ऑलिम्पिकची उपांत्य फेरीही गाठू शकली नाही. हा काही शास्त्रीय पुरावा नव्हे, एकीच्या निकालांवरून नियम ठरत नसतो. पण आकडे समोर असलेले बरे.

मग पुरावा आला का?

आला, पण ठिगळ लावलेला. २०११ आणि २०१३ च्या जागतिक स्पर्धांतल्या खेळाडूंची रक्तातली प्रमाणं आणि त्यांची कामगिरी यांची सांगड घालणारा अभ्यास महासंघाशी संबंधित संशोधकांनी २०१७ मध्ये छापला. जास्त टेस्टोस्टेरॉन असलेल्या महिला ४०० मीटर, ४०० मीटर अडथळा, ८०० मीटर, हातोडाफेक आणि पोल व्हॉल्टमध्ये सुमारे २ ते साडेचार टक्क्यांनी पुढे दिसल्या. १०० आणि २०० मीटरमध्ये तसं काही आढळलं नाही.

यावर २०१८ मध्ये जो नियम बेतला त्याची मर्यादा ५ वर आली आणि तो ४०० मीटर ते एक मैल एवढ्याच शर्यतींना लागू झाला. नीट बघा: हातोडाफेक आणि पोल व्हॉल्ट अभ्यासात होते, ते नियमातून गळले. १५०० मीटर आणि मैल यांत फरक ठोसपणे दिसला नव्हता, ते नियमात आले. द्युतीची अंतरं १०० आणि २०० ची, ती सुटली. सेमेन्याचं अंतर ८०० चं, ती अडकली. पुढे २०२१ मध्ये त्याच नियतकालिकात त्याच संशोधकांची दुरुस्ती छापून आली: आमच्या निष्कर्षांवरून कारण आणि परिणाम सिद्ध होत नाहीत.

२०२३ मध्ये मर्यादा २.५ झाली आणि सगळ्या प्रकारांना लागू झाली. १०, मग ५, मग २.५. बारा वर्षांत काटा दोनदा हलला. आणि २०२५ मध्ये काटाच बदलला.

"बाकीच्या मुलींवर अन्याय होत नाही का?"

हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. चौथी आलेली मुलगीही कुठल्या तरी गावातून, कुणाच्या तरी कर्जावर तिथे पोहोचलेली असते. निसर्गाने फायदा दिला तर बिघडलं काय, बास्केटबॉलमध्ये उंची चालतेच की, असं द्युतीच्या बाजूचे लोक म्हणतात. हा युक्तिवाद ऐकायला छान आहे, पण पुरता पडत नाही. बास्केटबॉलमध्ये बुटक्यांचा वेगळा गट नसतो. धावण्यात महिलांचा गट असतो आणि तो ज्या फरकामुळे पाडला, त्याच फरकाबद्दल हा वाद आहे. तेव्हा रेघ हवी, हे मला मान्य आहे. माझी तक्रार रेघ ओढणाऱ्याने हिशेब दाखवायच्या आतच मुलींच्या हातात औषधं ठेवली, याची आहे.

"आता जनुकच तपासणार, म्हणजे प्रश्न मिटला?"

नव्या चाचणीत जे जनुक शोधतात त्याचं नाव एसआरवाय. ते सहसा पुरुषांतच असणाऱ्या वाय गुणसूत्रावर असतं आणि गर्भात वृषणं तयार होण्याची सुरुवात करून देतं. ते असेल तर महिला गट बंद. अपवाद आहे: ज्यांच्या पेशींना टेस्टोस्टेरॉनचा निरोप मुळीच ऐकू येत नाही, त्यांना सूट.

सातबाऱ्यावर पीकपेऱ्याची नोंद असते. कागदावर सोयाबीन दिसतं. ते उगवलं की नाही, गोगलगायींनी खाल्लं की काय झालं, हे सातबारा सांगत नाही. जनुकाचंही तसंच. १९९० मध्ये हे जनुक ज्या गटाने शोधलं त्यातल्या अँड्र्यू सिंक्लेअर यांनीच २०२५ मध्ये या नियमाला जाहीर विरोध केला. जनुक आहे की नाही एवढंच चाचणी सांगते. ते काम करतं का, वृषणं झाली का, टेस्टोस्टेरॉन तयार होऊन वापरलं गेलं का, यातलं काही सांगत नाही, असं त्यांचं म्हणणं.

शिवाय हा प्रयोग आधी होऊन गेला आहे. १९६८ पासून ऑलिम्पिकमध्ये गुणसूत्रांची चाचणी होती आणि उत्तीर्ण मुलींना चक्क बाई असल्याचा दाखला मिळायचा. स्पेनची अडथळा धावपटू मारिया होजे मार्टिनेझ-पातिन्यो १९८५ मध्ये कोबेला विद्यापीठ स्पर्धेसाठी गेली आणि तो दाखला घरी विसरली. पुन्हा चाचणी झाली, एक्सवाय गुणसूत्रं निघाली. तिच्या पेशींना टेस्टोस्टेरॉन अजिबात ओळखू येत नव्हतं, म्हणजे फायदा शून्य. तरी पदकं, विक्रम, शिष्यवृत्ती, सगळं गेलं. परत उभी राहायला १९८८ उजाडलं. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये ३,३८७ महिलांची चाचणी झाली, आठ जणींत हे जनुक सापडलं आणि आठही जणींना शेवटी खेळू दिलं. १९९९ मध्ये ऑलिम्पिक समितीने सरसकट चाचणी बंद केली. सव्वीस वर्षांनी तोच दाखला परत आला आहे.

नव्या नियमाच्या बाजूने एक गोष्ट मात्र सांगायला हवी. चाचणी सगळ्यांची होते. पूर्वी संशयावरून एखादीला बाजूला काढायचे, आणि संशय कुणाचा यायचा? आवाज जाड, अंग पिळदार, केस बारीक, देश गरीब. ते आता व्हायला नको.

"शेवटी औषध घेताना सापडलीच ना!"

द्युतीचं नाव काढलं की हे वाक्य येतंच. डिसेंबर २०२२ मध्ये घेतलेल्या तिच्या नमुन्यांत बंदी असलेली द्रव्यं सापडली. स्नायूंवर टेस्टोस्टेरॉनसारखा परिणाम करणारी ही कृत्रिम औषधं आहेत. आपण ती जाणूनबुजून घेतली नाहीत, हा तिचा बचाव शिस्तपालन समितीला पटला नाही. ३ जानेवारी २०२३ पासून चार वर्षांची बंदी लागली. उत्तेजकांच्या नियमात आपल्या शरीरात काय जातं याची जबाबदारी खेळाडूचीच असते, आणि ते योग्यच आहे. इथे मी तिची बाजू घेणार नाही.

पण म्हणून २०१४ मध्ये तिला वगळलं ते बरोबर ठरत नाही. तेव्हा तिच्यावर काही घेतल्याचा आरोपच नव्हता; जे होतं ते तिच्या शरीराने स्वतः तयार केलेलं होतं. शेतात झरा लागणं आणि कालव्याला चोरून मोटर लावणं यांचा पंचनामा एकाच कागदावर करत नाहीत. तशीच गल्लत २०१९ मध्येही झाली. आपलं एका तरुणीशी नातं आहे असं तिने उघडपणे सांगितलं, तर लोकांनी त्याचाही संबंध संप्रेरकांशी जोडला. प्रेम कुणावर बसतं हे टेस्टोस्टेरॉनच्या आकड्यावर ठरत नाही.

आता ती परतली तर?

बंदीची चार वर्षं जानेवारी २०२७ च्या सुरुवातीला भरतात. तेव्हा ती एकतीस वर्षांची व्हायच्या बेतात असेल. धावपटूसाठी ही उतरणीची वेळ, पण अशक्य वय नव्हे. समजा ती परतली आणि जागतिक स्पर्धेसाठी पात्र ठरली, तर लोझानचा २०१५ चा निकाल तिच्या कामाचा नाही. तो टेस्टोस्टेरॉनच्या एका जुन्या मर्यादेबद्दल होता, ती मर्यादा केव्हाच रद्द झाली. इतर सगळ्यांसारखी तिलाही रांगेत उभं राहून गालात कापसाचा बोळा फिरवून घ्यावा लागेल, आणि पाकीट उघडेपर्यंत थांबावं लागेल.